आयसीटी कार्डावरचे २२ महिने कुठे जमा झाले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या आयटी कंपनीने जुलै २०२४ मध्ये तुम्हाला श्टुटगार्टजवळच्या क्लायंटकडे आयसीटी कार्डावर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या परवान्यावर, पाठवलं. बायको आणि ४ वर्षांची मुलगी सोबत आहेत. कार्ड जून २०२७ ला संपतं. मधल्या काळात तुम्ही जर्मनची बी१, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा पास झालात आणि ऑफिसात कुणीतरी सांगितलं की बी१ असेल तर २१ महिन्यांत पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळतो. तुम्हाला २२ झालेत. तर अर्ज टाकू का, आणि नाही मिळाला तर कार्ड संपल्यावर इथेच राहण्याचे आणखी काय मार्ग आहेत?

आत्ता अर्ज टाकू नका. २१ महिन्यांचा नियम खरा आहे, पण तो ब्लू कार्डाचा, म्हणजे जर्मन मालकाकडे चांगल्या पगारावर काम करणाऱ्या कुशल लोकांच्या परवान्याचा आहे. तुमच्याकडे ब्लू कार्ड नाही. स्पष्टच सांगायचं तर पीआरच्या हिशेबात तुमचे २२ महिने आज शून्य आहेत. हे वाचून पोटात खड्डा पडला असेल, पण हातात अजून वर्षभराहून जास्त वेळ आहे. मी असे लोक पाहिलेत ज्यांना हे कार्ड संपायच्या ६ आठवडे आधी कळलं.

मी वकील नाही. गेली १४ वर्षं म्युनिकमध्ये बाहेरून येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या परवान्यांची कागदपत्रं जुळवण्याचं काम करते. त्यामुळे खालचं सगळं कामातून कळलेलं आहे. नकाराचं पत्र हातात पडलं तर मात्र वकीलच गाठायचा, तिथे माझ्यासारख्यांचा उपयोग नाही.

आता हे शून्य का, ते बघू. मागच्या वर्षी सांगलीकडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. तुमचीच गोष्ट, फक्त शहर वेगळं. फाइल अगदी नीटनेटकी, प्रत्येक कागद प्लास्टिकच्या खिशात. मी म्हटलं, बाकी राहू दे, दोन पगारपत्रकं काढ. एक भारतातलं, एक इथलं. टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. भारतातल्या पत्रकात बेसिकवर पीएफची कपात दर महिन्याला दिसत होती. इथल्या पत्रकात लोनश्टॉयर, म्हणजे पगारावरचा कर, कापलेला होता. त्याखाली जिथे आरव्ही अशी दोन अक्षरं आणि समोर रक्कम असते, तिथे काहीच नव्हतं. तो म्हणाला, ‘ताई, पण मी टॅक्स भरतोय की इतकी वर्षं!’ कर भरला म्हणून पीआर मिळत नाही. जर्मनीच्या पेन्शन विम्यात पैसे पडावे लागतात, आणि ती आरव्हीची ओळ म्हणजे तो विमा.

ही ओळ रिकामी असण्यात कुणाची लबाडी नसते. भारत आणि जर्मनीमधला सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. भारतातल्या कंपनीने कर्मचारी इथे पाठवला, तर ४८ महिन्यांपर्यंत त्याचा पीएफ भारतातच चालू राहतो. पीएफचं कार्यालय, ईपीएफओ, तसं प्रमाणपत्र देतं आणि मग इथल्या पेन्शन विम्यात पैसे भरावे लागत नाहीत. विम्याचा दर पगाराच्या १८.६ टक्के आहे, निम्मा कर्मचाऱ्याचा आणि निम्मा मालकाचा. दोन देशांत दोनदा भरणा होऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. परत जाणाऱ्याला ती फायद्याची पडते, राहणाऱ्याला नडते.

समजा, तुमच्या पत्रकात आरव्हीची ओळ भरलेली आहे. काही कंपन्या पगार इथल्या शाखेतून देतात, तेव्हा असं होऊ शकतं. तरीही कुलूप उघडत नाही, कारण दुसरं कुलूप कार्डाचं आहे. आयसीटी कार्ड म्हणजे कंपनीच्या एका देशातल्या शाखेतून दुसऱ्या देशातल्या शाखेत तात्पुरती बदली. व्यवस्थापक आणि तज्ज्ञांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षं. तुमचा नोकरीचा करार पुण्याच्याच कंपनीशी असतो. कुशल कामगारांना पीआर देणाऱ्या कलमात कुठल्या परवान्यावरचा काळ धरायचा याची यादी आहे, आणि आयसीटी त्या यादीत नाही. कायद्याच्या नजरेत तुम्ही इथे पाहुणे आहात. पाहुणा ३ वर्षं राहिला तरी घरचा होत नाही.

म्हणून तुमचा खरा प्रश्न ‘पीआरला अर्ज कधी करू’ हा नाहीच. जून २०२७ च्या आत पुण्याच्या कंपनीचा कर्मचारी न राहता जर्मनीतल्या मालकाचा कर्मचारी कसा होऊ, हा आहे. बाकीचं सगळं त्यामागून येतं.

मुख्य रस्ता ब्लू कार्डाचा. त्याला तीन गोष्टी लागतात: जर्मन मालकाशी किमान ६ महिन्यांचा करार, मान्य पदवी, आणि ठरलेल्या आकड्याच्या वरचा पगार. २०२६ साठी हा आकडा वर्षाला ५०,७०० युरो आहे. आयटीसारख्या माणसं कमी पडणाऱ्या व्यवसायांना ४५,९३४ युरो २० सेंट इतका खालचा आकडा चालतो. हे आकडे दर जानेवारीत बदलतात, कारण ते पेन्शन विम्याच्या कमाल मर्यादेच्या ५० आणि ४५.३ टक्क्यांनी ठरतात. २०२५ मध्ये ते ४८,३०० आणि ४३,७५९.८० होते. पगाराची बोलणी डिसेंबरात चालू असतील आणि अर्ज जानेवारीत जाणार असेल, तर नव्या वर्षाचा आकडा धरून बोला. ८०० युरोंसाठी करार परत फिरवावा लागलेला मी पाहिला आहे.

खालच्या आणि वरच्या आकड्यात आणखी एक फरक आहे, तो लोकांच्या लक्षात येत नाही. खालच्या आकड्यावर अर्ज केला की फाइल केंद्रीय रोजगार संस्थेकडे संमतीसाठी जाते. तिथे कामाचे तास, पगार इथल्या लोकांच्या बरोबरीचा आहे का, हे तपासलं जातं. वरचा आकडा ओलांडलात तर ती पायरीच नाही. म्हणून तुम्हाला कुणी ४९,५०० देऊ करत असेल, तर मी म्हणेन १,२०० साठी घासाघीस करा. तो पैसा पगारात मिळेल, शिवाय काही आठवड्यांचा वेळही वाचेल.

पदवीबाबत आनाबिन नावाच्या सरकारी नोंदवहीत तुमचं विद्यापीठ आणि पदवी दोन्ही बघा. विद्यापीठापुढे एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, आणि पदवीपुढे समकक्ष असल्याचा शेरा असेल, तर त्या पानाची छापील प्रत पुरते. पदवी सापडली नाही तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या केंद्रीय संस्थेकडून मूल्यमापनाचं पत्र मागवावं लागतं, आणि ते आजच मागवायचं, नोकरी मिळाल्यावर नाही. नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना पदवीशिवायही ब्लू कार्ड मिळू शकतं, गेल्या ७ वर्षांत किमान ३ वर्षांचा त्या पातळीचा अनुभव दाखवता आला तर. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला ती वाट लागू नये.

आता मालक कोण, हा नाजूक भाग. तीन शक्यता दिसतात.

पहिली, तुमच्याच कंपनीची जर्मन शाखा. सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात जास्त रखडते. मॅनेजर ‘बघू, वाढवून घेऊ’ म्हणतो. तुम्हीही लिहिलंय की तुमचा मॅनेजर तसंच म्हणतोय. पण आयसीटी कार्ड ३ वर्षांच्या पुढे वाढत नाही. ते पुन्हा हवं असेल तर आधी जर्मनी सोडून किमान ६ महिने थांबावं लागतं. म्हणजे ‘वाढवू’ या शब्दाला इथे अर्थच नाही. त्याला विचारा: स्थानिक करार देणार का, हो असेल तर कोणत्या महिन्यापासून, आणि हे ईमेलवर लिहून मिळेल का? तिसऱ्या प्रश्नावर तो घुटमळला की समजायचं, तुमचं भिजत घोंगडं राहणार. कंपनीला तुम्ही आयसीटीवरच स्वस्त पडता, तिने घाई का करावी?

दुसरी, क्लायंट. २ वर्षं त्यांच्याकडे बसलात, तुमचं काम त्यांना माहीत आहे, मुलाखतीचं नाटकही होणार नाही. मेख अशी की तुमची कंपनी आणि क्लायंट यांच्या करारात एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत असं कलम बहुतेक वेळा असतं. ते तुमच्यावर नाही, क्लायंटवर बंधन असतं. काही क्लायंट पैसे मोजून ते सोडवून घेतात, काही घाबरतात. जेवणाच्या टेबलावर चौकशी करायला हरकत नाही, लेखी काही विचारू नका.

तिसरी, अगदी वेगळा मालक. माझ्या पाहण्यातली सगळ्यात निर्धोक वाट हीच. बी१ आहे म्हणजे तुम्ही ऑनसाइट आलेल्या बऱ्याच जणांच्या पुढे आहात. श्टुटगार्ट परिसरातल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांना क्लायंटशी जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलणारा इंजिनिअर हवा असतो, आणि त्यांच्या जाहिराती इंग्रजी संकेतस्थळांवर येतच नाहीत.

राजीनाम्याआधी पुण्यात सही केलेला बाँड काढून वाचा. ‘भारतात असे बाँड चालतच नाहीत’ असं लोक छातीठोकपणे सांगतात. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम धंद्यावरचे निर्बंध रद्दबातल ठरवतं हे खरं. पण ठरावीक काळाच्या आत नोकरी सोडली तर ठरावीक रक्कम द्या, ही अट वेगळी. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा २ लाखांचा बाँड वैध ठरवला आहे. रक्कम किती, मुदत कधी संपते, हे बघून ती नव्या पगाराच्या बोलणीत धरा. ९० दिवसांचा नोटिस पीरियड असेल तर तोही.

आणि हे नीट लक्षात घ्या, कारण इथे चांगली चांगली माणसं घसरतात. नवीन करार हातात आला म्हणून लगेच राजीनामा द्यायचा नाही आणि नवीन ऑफिसात जाऊन बसायचंही नाही. ब्लू कार्डाचा अर्ज आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, आयसीटी कार्ड जिवंत असताना द्यायचा. निर्णयाला वेळ लागला आणि तोवर कार्ड संपलं, तर कार्यालय फिक्त्सिओन नावाचा कागद देतं. त्याचा अर्थ जुना परवाना निकाल लागेपर्यंत चालू धरला जाईल, इतकाच. जुना परवाना जुन्या अटींसकट चालू राहतो, आणि तुमच्या जुन्या अटीत मालकाचं नाव आहे. नव्या मालकाकडे काम सुरू करायला कार्यालयाची स्पष्ट परवानगी लागते. कार्डासोबतचा घडीचा कागद उलगडून बघा, त्यावर कंपनीचं नाव छापलेलं दिसेल.

अर्ज कार्ड संपल्यावर एक दिवसाने दिलात तर ही सोय आपोआप मिळत नाही. कार्यालयात वेळ मिळायला महिने लागतात ही सबब तिथे चालेलच असं नाही. ऑनलाइन फॉर्म असेल तर तो भरा, नसेल तर ईमेल पाठवा, पोहोच जपून ठेवा.

थोडा हिशेब करू. समजा, नवीन नोकरी १ ऑक्टोबर २०२६ ला ब्लू कार्डावर सुरू झाली. बी१ असल्याने २१ महिने ३० जून २०२८ ला भरतात. नुसतं ए१, म्हणजे अगदी प्राथमिक जर्मन, असतं तर २७ महिने, म्हणजे डिसेंबर २०२८ अखेर. तुमच्या बी१ ने ६ महिने वाचवले, ते वाया गेलेलं नाही. या महिन्यांत पेन्शन विम्याचा भरणा झालेला हवा. मध्ये नोकरी गेली तर रिकामे महिने मोजणीतून गळतात, मात्र आधीचे जमा राहतात. पहिल्या १२ महिन्यांत मालक बदलला तर कार्यालयाला कळवावं लागतं आणि ते तपासणीसाठी तो बदल ३० दिवस थांबवू शकतं. पुढे हे बंधन नाही.

पगाराचा धक्का मात्र बसणार, तयारी ठेवा. आत्ता तुमच्या हातात भत्ता धरून जे पडतं ते, आणि स्थानिक कराराचे ५५,००० यांची तुलना सरळ करू नका. स्थानिक पगारातून सामाजिक विम्यापोटी पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त कापलं जातं, कर वेगळा. माझ्याकडे येणारे बरेचजण पहिलं पत्रक बघून हबकतात. पण त्या कपातीत आरोग्य विमा आहे. तुम्ही सरकारी आरोग्य निधीत असाल आणि बायको कमावत नसेल, तर तिचा आणि मुलीचा विमा त्याच हप्त्यात येतो. बेरोजगार विमाही त्यातच. बायको कमावत नसेल तर करवर्ग ३ घ्या, हातात येणाऱ्या रकमेत ठळक फरक पडतो. हे अर्ज केल्याशिवाय बदलत नाही, कुणी आपणहून सांगतही नाही.

बायकोचा विषय निघालाच आहे तर एक वाट सांगते जी तुम्ही विचारलेलीच नाही. तिचं शिक्षण तुम्ही लिहिलं नाही. पदवी असेल तर वाचा. आयसीटीवाल्याच्या जोडीदाराला इथे कुठलीही नोकरी करता येते, तिच्या कार्डावर मालकाचं बंधन नसतं. तिच्यावर पुण्याचा बाँड नाही, नोटिस पीरियड नाही. एका जोडप्याच्या बाबतीत बायकोला आधी नोकरी लागली. ती कोल्हापूरची, आधी टेस्टिंगमध्ये होती, मध्ये ३ वर्षं घरी. तिने स्वतःचं ब्लू कार्ड घेतलं. नवऱ्याने मग स्वतःचा आयसीटी सोडून तिचा जोडीदार म्हणून परवाना घेतला, तोही मालकाच्या बंधनाविना. पुढे त्याने निवांत नोकरी शोधली. घरात सुरुवातीला जरा धुसफूस झाली. सासरी ‘आता सून नवऱ्याला ठेवून घेणार’ अशी थट्टाही झाली म्हणे. दोघांचे परवाने मात्र सुटले. ब्लू कार्डवाल्याने पीआर घेतल्यावर जोडीदाराला ३ वर्षांच्या वास्तव्यावर, आठवड्याला किमान २० तास काम आणि बी१ या अटींवर, पीआर मिळण्याची तरतूदही आता आहे. तेव्हा तिलाही आजच जर्मनच्या वर्गाला घाला. तुम्ही बी१ पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात केलं की इथे माहीत नाही, पण ती भारतात काही महिने जाणार असेल तर तिथलं प्रमाणपत्रही इथे चालतं.

बाकीचे मार्ग झटपट. पगार ब्लू कार्डाच्या आकड्याला पोहोचत नसेल तर पदवीधर कुशल कामगाराचा साधा परवाना मिळतो. त्यावर पीआरला ३ वर्षं, ३६ महिन्यांचा पेन्शन भरणा आणि बी१ लागतं. हातचा चांगला मार्ग आहे, उगाच कमी लेखू नका. जूनपर्यंत काहीच जमलं नाही आणि परत जावं लागलं, तर भारतातून नोकरी मिळवून ब्लू कार्डाच्या व्हिसावर येता येतं. जून २०२४ पासून संधी कार्ड नावाचा नोकरी शोधण्याचा १ वर्षाचा परवानाही आहे. पण त्यावर बायको-मुलीला घेऊन येण्याचा बेत करू नका. तुम्ही लिहिलेली, न्यू जर्सीतल्या तुमच्या चुलतभावाने दाखवलेली अमेरिकेची वाट या मार्गांशी ताडून बघायची असेल तर एकच गोष्ट बघा. तिथे नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा आहे आणि भारतीयांची रांग त्यामुळे तुंबली आहे. इथे देशावार कोटा नाही. तुमच्या महिन्यांची बेरीज झाली की झाली.

थोडं थांबून पाहू या. आज पीआरला अर्ज नाही. पुढच्या काही महिन्यांत जर्मन करार, मग आयसीटी जिवंत असताना ब्लू कार्डाचा अर्ज, परवानगी हातात आल्यावर राजीनामा, आणि तिथून २१ महिने. पीआरच्या वेळी पेन्शनच्या नोंदीसोबत राहत्या घराचा करारही बघतात. माणशी १२ चौरस मीटर, ६ वर्षांखालच्या मुलाला १०, असा ढोबळ हिशेब असतो. तिघांना ३४ ते ३६ चौरस मीटर लागतील. दोन खोल्यांच्या घरात सहज बसतं, एका खोलीच्या सुसज्ज अपार्टमेंटमध्ये नाही. कंपनीने दिलेल्या छोट्या जागेत अजून असाल तर घराचा शोध याच वेळापत्रकात धरा. श्टुटगार्टात घर मिळणं नोकरीपेक्षा अवघड आहे, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की आई-बाबा साताऱ्याला आहेत आणि बाबांचं वय झालंय. माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात वजनदार वाक्य ते आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त.

पीआर म्हणजे कायमचं, असं शब्द सांगतो. पण साधा जर्मन पीआर सलग ६ महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलात की संपतो. बाबा आजारी पडले, तुम्ही गेलात, ७ महिने लागले, तर परतताना विमानतळावर तुमच्याकडे पीआर नसतो. गंमत म्हणजे ब्लू कार्डाला हीच मुदत १२ महिने आहे, म्हणजे पीआर घेतल्यावर मोकळीक उलट कमी होते. यावर दोन तोडगे आहेत. एक, जाण्याआधी कार्यालयाला कारण लिहून जास्त मुदत मागायची. आधी, नंतर नाही. माझ्याकडच्या एका बाईंनी सासूबाईंच्या डायलिसिसची कागदपत्रं जोडून ती मिळवली होती. दुसरा, ५ वर्षं पूर्ण झाल्यावर युरोपीय संघाचा दीर्घकालीन वास्तव्याचा परवाना घ्यायचा. त्यासाठीही पेन्शनची तरतूद आणि बी१ लागतं. तो युरोपीय संघाबाहेर १२ महिने राहिलं तरी टिकतो, आणि पूर्वी ब्लू कार्ड असलेल्यांचा २४ महिने. ज्यांचे आई-वडील भारतात आहेत त्यांना मी नेहमी हाच सुचवते. नाव लांबलचक असल्यामुळे की काय, कुणी मागतच नाही.

आई-बाबांना इथे आणण्याचं म्हणाल तर १ मार्च २०२४ पासून दार किलकिलं झालंय. ज्यांना पहिला कुशल परवाना त्या तारखेला किंवा नंतर मिळाला, त्यांना आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो, आणि आयसीटी कार्डही त्यात धरलंय. तुम्ही जुलै २०२४ मध्ये आलात, म्हणजे नशिबाने तारखेच्या योग्य बाजूला आहात. अडसर आहे तो आरोग्य विम्याचा. त्यांचा खर्च आणि पूर्ण विमा तुम्ही उचलू शकता हे दाखवावं लागतं. सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या माणसाला खासगी विमा कंपनी एक तर घेत नाही किंवा असा हप्ता सांगते की आपण फोन खाली ठेवतो. अर्ज मंजूर करणं कार्यालयाच्या विवेकावर आहे. तेव्हा विम्याचा लेखी प्रस्ताव हातात आल्याशिवाय साताऱ्याचं घर भाड्याने द्यायच्या गोष्टी करू नका.

नागरिकत्वाबद्दल दोन शब्द, कारण पीआरच्या मागोमाग ते येतंच. जून २०२४ पासून ८ ऐवजी ५ वर्षांत अर्ज करता येतो. तेव्हाच आणलेली ३ वर्षांची जलद वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली, ते जुने व्हिडिओ बघून हुरळून जाऊ नका. जर्मनी आता दुसरं नागरिकत्व चालवून घेतो, भारत घेत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाने जर्मन पासपोर्ट घेताक्षणी भारतीय नागरिकत्व जातं. मग भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड घ्यायचं. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आपल्याकडचे लोक इथे अडखळतात: ‘सातबाऱ्यावरचं नाव जाईल का?’ जात नाही. वडिलोपार्जित जमीन वारशाने ओसीआय असतानाही येते, फक्त विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. नवीन शेतजमीन घेणं तर एनआरआय झाल्यावर, भारतीय पासपोर्ट असतानाही बंदच असतं. त्यामुळे सातबाऱ्याच्या भीतीने निर्णय करू नका. पासपोर्ट देताना मन कसं होतं तो वेगळा विषय. मी स्वतः अजून दिलेला नाही.

आता या आठवड्याचं काम. आज रात्री शेवटची तीन पगारपत्रकं काढून आरव्हीची ओळ बघा. ती भरलेली असेल तर रक्कम आणि कुठल्या महिन्यापासून ते मला कळवा, कारण मग तुमचा करार नक्की कुणाशी आहे हे तपासावं लागेल. कार्डाच्या दर्शनी बाजूवर परवान्याचा प्रकार छापलेला असतो, तोही वाचून सांगा. बायकोची पदवी आणि विद्यापीठ लिहा. आणि जवळच्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढ शिक्षण केंद्रात, ‘लेबन इन डॉइचलांड’ (जर्मनीतलं जीवन) चाचणीसाठी नाव घाला. ३३ प्रश्न, २५ युरो, १७ बरोबर आले की पीआर आणि नागरिकत्व दोन्हींसाठी चालते. सगळे ३१० प्रश्न आधीच जाहीर आहेत, त्यातले १० तुमच्या राज्याचे. तुम्ही बाडेन-व्युर्टेंबर्गचे पाठ करा. माझ्या ओळखीच्या एकाने घाईत शेजारच्या बायर्न राज्याचे पाठ केले होते.